दोन हजाराचं विमान, आणि उडत नाही!

आमच्या बेळगावच्या खासबागेत नवरा रात्री उशिरा घरी आला तर हल्ली बायको फारसं काही विचारत नाही. कुरिअरवाला चपटा खोका घेऊन दारात उभा राहिला, की मात्र तिच्या कपाळावर आठ्या पडतात. खोक्यावर चित्र असतं फर्मास: ढग, धूर, तिरकं झेपावणारं लढाऊ विमान. आणि आत? करड्या प्लास्टिकच्या चार जाळ्या, त्यांना लटकलेले बारीक बारीक तुकडे, एक घडीचा कागद आणि खुणा-आकड्यांच्या चित्रांचं एक पान. विमान नसतंच! ते आपण करायचं. मोजायचे दीड-दोन हजार, आणि एवढं करून ते उडत नाही.

उडत नाही हो! मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. बॅटरी नाही, रिमोट नाही, पुढचा पंखा बोटानं फिरवायला गेलात तर मोडतो. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, मग काचेच्या कपाटात ठेवून हात मागं बांधून बघत राहायचं. बरं, ही पोरंटोरं असती तर दोन धपाटे घालून प्रश्न मिटला असता. खरं यात बँकेतले साहेब आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत, शहापुरात सोन्याचं काम करणारे एक आहेत, एक मागवाला आहे आणि उद्यमबागेत लेथवर असणारा एकजण आहे. नावं सांगत नाही. गल्लीला माहीत आहेत, आणि मला याच गल्लीतून रोज भाजीला जायचं असतं.

तर या पाच जणांनी आपापल्या घरात काय उच्छाद मांडलाय ते ऐका. बायकोचा भुवयांचा चिमटा गेला तो गेलाच. आता त्यानं वैमानिकाची सीट उचलतात. नखं घासायची पट्टी विमानाच्या पोटाला. पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल पंखांना, कारण म्हणे रंगानं उघड्या धातूची चकाकी येत नाही. फॉइलचा एकेक चौकोन कापून, मागून पातळ गोंद लावून, कापसानं दाबून बसवायचा. पोराच्या डब्यात पोळी उघडीच गेली. एकानं रंग चुकला म्हणून घाईत नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. त्यातल्या ॲसिटोननं रंग तर निघालाच, पंखही विरघळला. बायको म्हणाली, ‘बरं झालं.’ तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि तिचं म्हणणं, हे तर आणखीच बरं झालं.

गोंदाचीही गोम आहे. या कामाचा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिकच थोडं वितळवतो. दोन्ही कडा एकमेकींत मुरतात, सुकल्यावर पुट्टी भरून पॉलिश पेपरनं घासलं की सांधा नाहीसा होतो. सांधा दिसणं हे या लोकांत मोठंच पातक. कुणाच्या विमानाच्या पाठीवर केसाएवढी रेघ राहिली तर तिची चर्चा कुणाची मुलगी पळून गेल्यासारखी दबक्या आवाजात होते. वैमानिकाच्या डोक्यावरची काच मात्र त्या गोंदानं लावायची नाही, फेविक्विकनं तर नाहीच. त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी पडते. तिथं आपला साधा सुतारकामाचा पांढरा फेविकॉल. एवढा महागाचा थाट, आणि शेवटी काच बसवायला पाटाला लावायचा गोंद!

मिठाचा किस्सा तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. विमान जुनं, रंग उडालेलं दिसावं म्हणून खाली चंदेरी रंग मारून वर पाण्याचा हात द्यायचा, जाडं मीठ भुरभुरायचं, ते सुकलं की वरून हिरवा-तपकिरी रंग मारायचा. मग मीठ चोळून काढलं की खालची चंदेरी ठिपक्या-ठिपक्यांनी डोकावते. मास्तर विमानावर मीठ टाकताना त्यांच्या नव्वदीच्या आईनं पाहिलं. ती म्हणाली, ‘नजर काढालास होय? मग मोहरी कुठाय?’ आणि उठून मोहऱ्या घेऊन आली. मास्तरांची काय बिशाद नको म्हणायची. विमानावरून मीठ-मोहऱ्या उतरल्या, चुलीत टाकल्या, आणि मग मास्तरांनी रंग मारला.

यातला खरा अपराध बघा. नवंकोरं, डागविरहित विमान तयार झालं की हे लोक त्याला मळवायला बसतात. पातळ काळा रंग पत्र्यांच्या रेघांत सोडायचा, तोफांच्या तोंडाशी काजळी, चाकांना माती, पोटाखाली तेलाचे ओघळ. आमच्या घरी शर्टावर आमटीचा थेंब सांडला तर पुरुष कसे आरडाओरडा करतात ते तुम्हाला माहीत आहे. तेच पुरुष सुटीचा अख्खा दिवस तेलाचा डाग ‘नैसर्गिक’ दिसतोय का यावर घालवतात.

आता विमान पुढच्या चाकावर उभं राहायला हवं, शेपटीवर बसायला नको. पुष्कळ किटांत मागचा भाग जड होतो, म्हणून नाक बंद करायच्या आधी आत वजन भरावं लागतं. लोक छर्रे भरतात, मासे पकडायच्या गळाचं शिसं भरतात. शहापूरवाल्यांनी त्यांच्या विमानाच्या नाकात काय भरलं, यावर खासबागेत दोन तट आहेत. ते शपथेवर सांगतात, शिसं. खरं सोनं शिशापेक्षा कितीतरी जड, जागा कमी खातं, म्हणजे कामाला सरस! त्यांच्या बायकोनं सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी घरात कुणाचं लग्न ठरलं की पहिलं ते नाक फोडायचं.

तुकडा हरवला की घराला सुतक येतं. चिमट्यातून निसटलेला तुकडा कुठल्या कुठं उडतो. त्या क्षणी घरात झाडू बंद, पंखा बंद, चालणं बंद. मोबाईलचा उजेड फरशीला टेकवून आडवा मारतात, म्हणजे बारीकशा तुकड्याचीही लांब सावली पडते. बँकेतल्या साहेबांच्या विमानाची नाकापुढची सुई अशीच गेली. हवेचा वेग मोजणारी ती नळी, सव्वा इंचाचीही नाही. रात्री सगळं घर रांगलं. सकाळी आजींनी उप्पीट खाताना कायतरी कडक लागलं म्हणून दातातून काढून ताटाच्या कडेला ठेवलं. साहेबांनी ते धुऊन, पुसून, बसवलं. त्या विमानाकडं बघितलं की मला अजून उप्पीटच आठवतं.

हे खूळ आलं कुठून, असं तुम्ही विचाराल. विलायतेतून, दुसरीकडून कुठून! एअरफिक्स नावाची कंपनी, निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ मध्ये काढलेली. आधी रबराची हवा भरायची खेळणी, मग युद्धानंतर प्लास्टिक ओतायचं मशीन आणून कंगवे. होय, कंगवे! त्याच धंद्यातून आधी एक ट्रॅक्टर झाला, मग एक जहाज, आणि १९५३ मध्ये स्पिटफायर विमान. ते पहिलं स्पिटफायर दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलवरून छोटं करून उचललेलं होतं, म्हणजे घराण्याची सुरुवातच कॉपीनं. मग जपानच्या शिझुओका भागातून तामिया आणि हासेगावा आले, चेक लोकांचं एदुआर्द आलं, कोरिया आणि चीन आले. कंगव्यापासून निघालेली गोष्ट खासबागेपर्यंत पोचली, आणि आता आमच्या बँकेतल्या साहेबांना डोक्यावर फिरवायला कंगवा लागत नाही, विमानं मात्र लागतात.

माप त्यांचं एकास बहात्तर. सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो, असा तो हिशोब. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमारानं १९४२ साली शाळेतल्या पोरांकडून याच मापाची पाच लाख लाकडी विमानं करून मागितली होती, आपलं कुठलं नि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना ओळखू यावं म्हणून. पस्तीस फुटांवर धरलेलं छोटं विमान जेवढं दिसतं, तेवढंच खरं विमान जवळपास अर्ध्या मैलावरून दिसतं. आणि बघा, त्याच १९४२ मध्ये इंग्रजांच्या हवाई दलानं आपल्या सांबऱ्याला धावपट्टी बांधली. तिथं आजही हवाई दलाचे नवे जवान शिकायला येतात. म्हणजे गावाला विमानं नवी नाहीत. घरात आली, हे नवं.

माप डोक्यात शिरलं की माणूस कामातून जातो. परवाच्या दिवाळीत उद्यमबागवाला गल्लीतल्या पोरांचा किल्ला बघायला गेला. पोरांनी छान मातीचा गड केलेला, हळीव पेरून हिरवा केलेला, खाली शेत, मधे विहीर, वर सिंहासनावर महाराज. हा बराच वेळ खाली बसून दरवाजा बघत होता. मग म्हणाला, ‘दरवाजा एकास बहात्तरच्या हिशोबात आहे, महाराज चार इंचांचे आहेत. म्हणजे खरे चोवीस फूट होतात रे.’ पोरं गप्प. त्यातलं एक, तिसरीतलं असेल, म्हणालं, ‘काका, महाराज मोठेच होते.’ काका निमूट घरी आले. किल्ला चार दिवसांचा असतो, त्याला कुणी खूळ म्हणत नाही, हा मुद्दा त्यानं नंतर माझ्यापुढं मांडला. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चहा टाकायला उठले.

रंग मारायला एअरब्रश लागतो, त्याला कॉम्प्रेसर. एकानं एअरब्रश धरायची रीत गणपतीच्या मूर्तिकाराकडं बसून शिकून घेतली, ते एक बरं केलं. आता खासबाग-वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. इथली माणसं मागाच्या खडखडाटात जन्मली, त्यातच झोपतात. लाइट जाऊन माग थांबला तर त्यांना जाग येते. तीच माणसं रात्री कॉम्प्रेसरच्या घुरघुरीवरून भांडायला आली. मी म्हटलं, हा तर मागाच्या पावपटही नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘मागाचा आवाज पोटासाठी असतोय गं. ह्याचा कशासाठी?’

इथंच सगळी ठिणगी आहे. या गावात हातानं बारीक काम करणाऱ्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. साडीचा काठ बसवा, डाग न दिसता नथ जोडा, ओतकामाचे साचे करा. लोक हात जोडतील. फक्त कुणीतरी ते मागितलेलं असावं लागतं. हे विमान कुणी मागितलेलं नाही, कुणी विकत घेणार नाही, ते कुणाच्या अंगावर चढणार नाही. गल्लीला खरा संताप त्याचा आहे. मागवाल्यानं दोन पंखांचं जुनं टायगर मॉथ केलं. खालच्या-वरच्या पंखांमधल्या तारा परदेशातले लोक म्हणे मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवून, तिचा धागा ओढून करतात. यानं मागावरचा वाया गेलेला रेशमी धागा घेतला. तुटका ताणा सांधत आयुष्य गेलेली बोटं. गाठ कुठं मारलीय ते भिंग लावूनही सापडत नाही. मी बघितलं आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. लगेच आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

त्यात पुन्हा आपल्याच हवाई दलाची विमानं करायची म्हटलं की हाल विचारू नका. नॅट घ्या. ब्रिटिशांनी स्वतः ते शिकाऊ वैमानिकांसाठी दोन सीटचं घेतलं, म्हणून लाल रंगाचं दोन सीटचं किट सहज मिळतं. एका सीटचं लढाऊ नॅट, जे आपण बेंगळूरला बांधलं आणि ६५ नि ७१ च्या लढाईत वापरलं, त्यासाठी शोधाशोध. मिळालं तर त्यात तिरंगी गोल असेलच असं नाही. बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा, ते पान वेगळं मागवायचं, कोमट पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायचं. केशरी नारिंगी निघाला की दोन दिवस दुखवटा.

बँकेतल्या साहेबांनी नॅट केलं ते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानं चालून आली आणि हे एकटे त्या थव्याला भिडले. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. इथवर गल्लीही अभिमानानं ऐकते. मग साहेबांनी शेजारी सेबर उभं केलं, शेपटीवर हिरव्यात पांढरा चांदतारा! देवघराला लागून असलेल्या कपाटात! आई चष्मा लावून जवळ गेल्या.

‘हे रे काय आणलास घरात?’

‘आई, शत्रू नको काय? मग सेखों भिडले कुणाला?’

‘शत्रू हाय तर उभा कशाला केलास? पाड की त्याला.’

तेव्हापासून आई रोज सकाळी कपाट पुसताना सेबरला आडवं करतात आणि साहेब रोज रात्री बँकेतून येऊन ते उभं करतात. ७१ चं युद्ध तेरा दिवसांत संपलं. हे चालूच आहे, आणि सेबरचा एक पंख दोनदा नव्यानं लावून झालाय.

लेथवाल्याचं प्रकरण याहून गंभीर. त्याला मारुत करायचंय, एचएफ-२४. कुर्ट टँक या जर्मन इंजिनियरनं, ज्यानं युद्धात जर्मनांसाठी फॉके-वुल्फ १९० केलं होतं, बेंगळूरला एचएएलमध्ये बसून आखलेलं; १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. त्याचं किट दुकानात सहजी मिळत नाही, तर हा प्लास्टिकच्या पत्र्यातून पहिल्यापासून कोरणार. मेव्हण्याच्या घरभरणीला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सगळे बेंगळूरला गेले. पूजा झाली, पंगत बसली, जावई नाही! फोन लागेना. शेवटी सापडला कस्तुरबा रोडवर, विश्वेश्वरय्या म्युझियमपाशी उभ्या असलेल्या मारुतच्या पोटाखाली मान वाकडी करून, चाकाच्या खोबणीचे फोटो काढत. सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, ‘जेवणार का, की बांधून देऊ?’

या सगळ्यांत एकच पोरगा मला जरा शहाणा वाटायचा. आमच्या मागच्या बोळातला, निपाणीच्या वाटेवर हत्तरगीला एरोस्पेसचा कारखाना आहे तिथं शिफ्टला जातो. एअरबस, बोईंगसारख्यांच्या विमानांचे सुटे भाग तिथून जातात. तो कारखाना चालवणाऱ्याच समूहानं तिकडं कोप्पळजवळ खेळण्यांचा कारखानाही घातलाय, म्हणजे विमान आणि खेळणं यांचं नातं मी म्हणते तेवढं दूरचं नसावं. तर या पोरानंही मिग-२१ आणलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याची शेवटची सलामी झाली, १९६३ मध्ये आलेलं विमान ६२ वर्षांनी निवृत्त झालं, ते टीव्हीवर बघून यानं ऑर्डर टाकली. मी म्हटलं, ‘अरे, तू खऱ्या विमानाचं काम करतोस आणि घरी येऊन हे प्लास्टिकचं?’ तो म्हणाला, ‘काकी, तिथं रोज एकच तुकडा करतोय. केसाएवढी चूक चालत नाही. पुढं तो विमानात कुठं बसतोय ते मी बघितलेलं नाही. इथं पगार नाही, खरं विमान पुरं होतंय.’ एवढं बोलून तो मिगच्या पोटाला चारशे नंबरचा पॉलिश पेपर मारायला लागला. मग आठशे, मग बाराशे. मी उठून आले. शहाणा म्हणून ठेवलेला एकमेव माणूस हातचा गेला.

माळ्यावरची गोष्ट सांगायची राहिलीच. हे लोक करतात कमी, घेतात जास्त. खोके न फोडता माळ्यावर रचून ठेवतात, ‘पुढं मिळणार नाही’ म्हणून. कुरिअर घरी यायला नको म्हणून पत्ता दुकानाचा, बँकेचा, मित्राचा. मास्तरांच्या सूनबाईंनी दिवाळीच्या सफाईत माळा उघडला आणि खोके काढता काढता हरल्या. मास्तर म्हणाले, तुमच्या कपाटातल्या घडी न मोडलेल्या साड्यांना मी कधी काही म्हणालो का? सूनबाई निरुत्तर झाल्या. मला या युक्तिवादाचा संताप आला, कारण तो बरोबर आहे.

आता ताजी बातमी, आणि ही कुणाला सांगू नका. यंदा गणपतीला मंडळानं ७१ च्या श्रीनगरच्या लढाईचा देखावा ठरवलाय. पाचही जणांना बोलावणं गेलं. अध्यक्ष म्हणाले, विमानं फिरती पाहिजेत, धूर पाहिजे, लाइट पाहिजे, आवाज पाहिजे. साहेबांनी खिशातून डबी काढून नॅट पुढं ठेवलं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण सव्वानऊ सेंटिमीटर.

‘हे रस्त्यावरून दिसणार काय?’

‘जवळ येऊन बघायचं.’

‘जवळ कोण थांबतंय? मागून ढकलालेत असतात की.’

मग तडजोड निघाली. थर्माकोलचं मोठं नॅट करायचं, रंगकाम या पाचांचं. बारा फुटी करू, असं अध्यक्ष म्हणाले. लेथवाल्यानं लगेच मोबाईलवर भागाकार केला: खरं नॅट २८ फूट ८ इंच लांब, बारा फुटी केलं तर माप कुठल्याच हिशोबात बसत नाही, निम्मं करायचं, १४ फूट ४ इंच, पंख अकरा फूट. केशरीची छटा कुठली यावर तासभर गेला, तो मी सोडून देते. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की मंडपाचं दार दहा फुटी आहे. अध्यक्ष म्हणाले, त्यात काय, पंख वेगळे करून आत न्या, तिथं जोडा.

पाचही जण एकदम उभे राहिले. ‘सांधा दिसेल!’

बैठक मोडली. पुढची रविवारी आहे, बाजार उठल्यावर. तोवर दार रुंद करायचा खर्च कुणाच्या वर्गणीतून काढायचा ते ठरवतील म्हणे, आणि पावतीपुस्तक घेऊन पोरं आधी शहापूरवाल्यांकडं जाणार आहेत. नाकात काय भरलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.